ठराव होतो, बोलणं होत नाही

संचालक मंडळाच्या बैठकीचं प्रोसिडिंग बुक उघडलं की पहिल्या पानावरूनच शेवटच्या पानाचा अंदाज येतो. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्रमांक दोन, जमाखर्चास मंजुरी देणे. मग कर्ज, खरेदी, नेमणूक आणि शेवटी ऐनवेळचे विषय, माननीय अध्यक्षांच्या परवानगीने. प्रत्येक विषयाखाली सूचकाचं नाव, अनुमोदकाचं नाव आणि एकच ओळ : सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर. त्याखाली सह्या. काही सह्यांची शाई वेगळी दिसते, कारण त्या दुसऱ्या दिवशी वही घरी पाठवून घेतलेल्या असतात. कोणी काय विचारलं, कोणाला काय पटलं नाही, कोणती शंका अनुत्तरित राहिली, यातलं काहीही त्या वहीत सापडत नाही. बहुतेक वेळा ते लिहायचं राहून गेलेलं नसतं. ते घडलेलंच नसतं.

संस्थेच्या सर्वोच्च टेबलाभोवती बसलेली जाणती, अनुभवी, मानाची माणसं एकमेकांशी मोकळेपणानं बोलत नाहीत, हा मला आजच्या सहकारापुढचा आणि शेतकऱ्यांच्या नव्या कंपन्यांपुढचा सर्वांत दुर्लक्षित धोका वाटतो. भांडवल कमी पडलं तर ते दिसतं. गोदाम गळलं तर तेही दिसतं. बोलणं थांबलेलं मात्र दिसत नाही; उलट बैठक शांततेत पार पडली म्हणून सगळे समाधानानं घरी जातात.

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की वाटेत झरी लागतं. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून जवळच आहे, त्यामुळे नवं वाण, नवी पेरणी यांची या भागाला नवलाई नाही. आता इथल्या शेतकऱ्यापुढे जे आलं आहे ते मात्र वेगळ्या जातीचं आहे. अलघ समितीच्या शिफारशींवरून २००२ साली कंपनी कायद्यात शेतकरी उत्पादक कंपनीची तरतूद झाली, २०२० मध्ये ती २०१३ च्या कायद्यात आणली गेली आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्रानं देशभर दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना सुरू केली. तिच्यासाठी ६,८६५ कोटी रुपयांची तरतूद झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत दहा हजारांचा आकडा गाठल्याचं जाहीरही झालं. मराठवाड्यात आज तालुक्यागणिक अशा कंपन्या आहेत.

कायदा या कंपन्यांकडून बरंच काही मागतो. संचालक किमान पाच, जास्तीत जास्त पंधरा. पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी सक्तीचा. दर तीन महिन्यांत किमान एक बैठक. भाग कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. म्हणजे काल आडतीवर माल घालून पट्टी घेऊन येणारा माणूस आज कोट्यवधींच्या उलाढालीचा, बँकेच्या कर्जाचा आणि शेकडो घरांच्या मालाचा निर्णय घेणाऱ्या मंडळावर बसतो. त्याला कोणी बडा उद्योजक म्हणणार नाही, तो स्वतःही म्हणवून घेणार नाही. पण त्याच्यापुढचे प्रश्न मुंबईतल्या कंपनीच्या संचालकापुढे असतात तेच आहेत. त्याला प्रशिक्षण मिळतं ते जीएसटीचं, हिशेबाचं, प्रतवारीचं, प्रकल्प अहवालाचं. दहा-बारा बरोबरीच्या माणसांनी एका अवघड प्रश्नावर नीट बोलायचं कसं, याचा तासभराचाही पाठ त्यात नसतो. ते सगळ्यांना येतंच, असं धरून चाललेलं असतं.

ते येत नाही. याचं कारण माणसांच्या कमकुवतपणात शोधू नये, माणसं कोणत्या नात्यांत बांधलेली आहेत हे पाहावं.

झरीच्या परिसरातल्या एखाद्या कंपनीची दिवाळीनंतरची बैठक डोळ्यांसमोर आणा. प्रश्न एकच : सभासदांकडून घेतलेलं सोयाबीन आत्ता विकायचं की गोदामात धरून ठेवायचं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. ती आठवण अजून प्रत्येकाच्या डोक्यात ताजी आहे आणि तिच्या भरवशावर पुढे कितीतरी जणांनी माल धरून ठेवला, भाव मात्र उतरत गेले. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात चार-साडेचार हजारांच्या आसपास बोली लागत होती. हमीभाव केंद्रावर न्यावं तर ओलाव्याची अट. बारा टक्क्यांची मर्यादा त्या वर्षी सरकारला पंधरापर्यंत सैल करावी लागली.

आता या बैठकीत कोणाकडे काय आहे ते पाहा. ज्याच्या देखरेखीखाली माल उतरला, त्याला माहीत आहे की मागच्या वीस-पंचवीस गाड्यांचा ओलावा मीटरवर वाढीव दिसत होता आणि ती पोती खालच्या थरात गेली आहेत. एकाचा भाचा मोंढ्यात मुनीम आहे. मोठा खरेदीदार पुढच्या आठवड्यात खरेदी थांबवणार, हे त्याच्या कानावर आलं आहे. एकाला बँकेच्या हप्त्याची तारीख पक्की ठाऊक आहे. महिला संचालक बचत गट चालवतात, त्यामुळे किती घरांत लग्नं आहेत, कोणाला महिन्याभरात पैसे लागणारच आहेत आणि कोण गुपचूप व्यापाऱ्याला माल घालून मोकळा झाला आहे, याचा सर्वांत खरा अंदाज त्यांच्याकडे आहे. हे चार धागे एकत्र आले तर निर्णय जवळजवळ आपोआप होतो. पण बैठकीत बोललं जातं ते भावाबद्दल, पावसाबद्दल, सरकारच्या आयात धोरणाबद्दल. म्हणजे जे सगळ्यांना आधीच माहीत आहे त्याबद्दल.

१९८५ मध्ये स्टॅसर आणि टायटस या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच प्रयोगानं दाखवलं. उमेदवार निवडायला बसवलेल्या गटांतल्या प्रत्येकाला थोडी सामाईक आणि थोडी फक्त त्याच्याचकडची माहिती दिली. सगळ्यांची माहिती जोडली असती तर योग्य उमेदवार कोण हे कळलं असतं. गट मात्र सामाईक माहितीभोवतीच घोळत राहिले आणि चुकीची निवड करून बसले. माणसं खोटं बोलली नाहीत, लपवलंही नाही. सगळे ज्याला मान डोलावतात तेच पुन्हा बोलायला सोपं जातं, आणि जे आपल्याला एकट्यालाच माहीत आहे ते मांडताना आपण उघडे पडतो.

त्यात गावाचं नातं येतं. ओलाव्याचं सांगायचं तर उतरणीच्या दिवशी आपलंच लक्ष नव्हतं हे कबूल करावं लागतं. भाच्याचं नाव घ्यायचं तर उद्या त्याची नोकरी जाते. हप्त्याचं काढायचं तर अध्यक्षांनी ते कर्ज काढलं तेव्हा आपणच अनुमोदक होतो. अध्यक्ष म्हणजे नात्यानं काका. त्यांच्या शब्दावर आपल्या धाकट्याला विहीर मिळाली. महिला संचालकांना तर बहुधा कोणी विचारतच नाही, त्यांच्यासाठी वही घरी जाते. मग अध्यक्ष घसा खाकरून म्हणतात, "माझ्या मतानं थांबावं, भाव वाढणार." त्यानंतर जे होतं त्याला चर्चा म्हणत नाहीत. "काका म्हणतात तसं करू" असं एकानं म्हटलं की दुसरा अनुमोदन देतो, चहा येतो, आणि खरी बैठक नंतर परतीच्या गाडीत भरते. तिथे मात्र सगळे बोलतात. "मला आधीच वाटत होतं," हे वाक्य गाडीत हमखास ऐकू येतं. त्या वाक्याची जागा तासाभरापूर्वीच्या बैठकीत होती.

हा खेड्याचा दोष आहे असं कोणी समजू नये. १६ डिसेंबर २००८ रोजी हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या संचालक मंडळापुढे प्रवर्तकांच्याच कुटुंबाशी जोडलेल्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना विकत घेण्याचा प्रस्ताव आला. मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, नामांकित व्यवस्थापन संस्थेचे प्रमुख होते, संगणकाच्या चिपच्या जगात नाव कमावलेले अभियंते होते. प्रश्न विचारले गेले, शंका निघाल्या, आणि ठराव सर्वानुमते झाला. भागधारक खवळले म्हणून काही तासांत तो मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ ला, अध्यक्षांनीच हिशेबात हजारो कोटींचा घोटाळा असल्याचं पत्र दिलं. त्या टेबलाभोवती बुद्धी कमी होती असं म्हणता येत नाही. प्रश्न विचारणं आणि उत्तर मिळेपर्यंत प्रश्न सोडायचा नाही, यातलं दुसरं काम करणारं तिथे कोणी नव्हतं. मुंबईच्या आयएल अँड एफएसनं २०१८ मध्ये देणी थकवली तेव्हा समूहावर सुमारे ९१ हजार कोटींचं कर्ज होतं. २०१५ ते २०१८ या काळात तिच्या जोखीम समितीची बैठक एकदाच झाली होती, हे नंतर उघड झालं. समिती कागदावर होती, सदस्य मातब्बर होते. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांना सुरुवातीला हजार रुपयांवर रक्कम काढता येईना, कारण बँकेचं ७० टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम समूहात अडकलं होतं. या तिन्ही ठिकाणी लेखापरीक्षक होते, नियम होते, संचालक मंडळाच्या बैठका होत होत्या.

वरच्या पदावरच्या माणसांना एकत्र बसवून बोलतं करणं हे वेगळं काम आहे, आणि ते अध्यक्षानं जाता जाता करण्याचं काम नव्हे. अध्यक्षाला निर्णय हवा असतो. चर्चा चालवणाऱ्याला प्रत्येकाच्या खिशातली माहिती टेबलावर हवी असते. एकाच माणसाकडून या दोन्हींची अपेक्षा केली की पहिली गोष्ट दुसरीला खाते.

महाराष्ट्राला ही जाण नव्हती असं नाही. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० मध्ये गाळप सुरू झालं, तेव्हा अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे ठेवलं नाही. ते दिलं पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना, आणि स्वतः उपाध्यक्ष राहिले. पहिली दहा वर्षं ही घडी टिकली. गाडगीळांच्या विद्वत्तेबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. मला त्यांचं परकेपण तितकंच मोलाचं वाटतं. ते गावच्या भाऊबंदकीत नव्हते, सोयरिकीत नव्हते, आणि उसाच्या नोंदीचा क्रम कोणाचा आधी लागतो यात त्यांचा हात अडकलेला नव्हता. ज्याच्याकडून काही घ्यायचं नाही आणि ज्याला काही द्यायचं नाही, असा माणूस मध्ये बसला की बाकीच्यांना एकमेकांना थेट दुखावावं लागत नाही; त्याच्याकडे पाहून बोलता येतं. पुढे सहकार वाढला, कारखाने शेकड्यांनी झाले आणि अध्यक्षाची खुर्ची ही चर्चा चालवण्याची जागा न राहता सत्तेची जागा झाली. त्या वळणावर आपण काय गमावलं याचा हिशेब सहकाराच्या इतिहासात अजून नीट मांडला गेलेला नाही.

दुसरं उदाहरण गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाचं. शंभरेक घरांच्या या गावानं २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, ही बातमी सर्वांना माहीत आहे. त्यामागची पद्धत तितकी माहीत नाही. तिथे ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीनं होतात, आणि ग्रामसभेच्या आधी अभ्यासगट बसतात. अभ्यासगटात निर्णय होत नाही. तिथे फक्त समजून घ्यायचं असतं, बाहेरच्या जाणकाराला बोलावून विचारायचं असतं, उलटसुलट बोलायचं असतं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही शिस्त वर्षानुवर्षं जपली. समजून घेण्याची बैठक वेगळी आणि ठरवण्याची वेगळी, ही गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते. पण ज्या बैठकीत आज काहीच ठरणार नाही, तिथे माणूस हरत नाही. म्हणून तो बोलतो. मेंढ्याची सर्वसहमती आणि प्रोसिडिंग बुकातलं 'सर्वानुमते' यांत एवढं अंतर आहे.

परदेशातले उद्योगप्रमुखही याच गरजेपोटी एकत्र आले. १९५० मध्ये अमेरिकेत तरुण कंपनीप्रमुखांची वायपीओ ही संघटना निघाली, १९५७ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये रॉबर्ट नोर्स यांनी आज विस्टेज नावानं चालणारे गट सुरू केले. एकमेकांच्या धंद्यात हितसंबंध नसलेले दहा-पंधरा प्रमुख, एक चालवणारा आणि बाहेर काही न्यायचं नाही हा करार. त्याचं मोल आहे. पण आपल्याकडे गरज अधिक अवघड जागी आहे, कारण आपल्याला हितसंबंध गुंतलेल्यांनाच बोलतं करायचं आहे.

मग प्रत्यक्षात काय करावं? सोयाबीनच्याच बैठकीकडे परत येतो. प्रश्न आठवडाभर आधी एका वाक्यात लिहून प्रत्येकाकडे जावा, सोबत साठ्याचा, ओलाव्याचा आणि हप्त्यांचा एक पानी तक्ता. बैठकीत पहिली दहा मिनिटं ते पान सगळ्यांनी गप्प बसून वाचावं. घरी वाचून आलो असं सगळे म्हणतात, वाचलेलं नसतं. मग प्रत्येकानं आपला आकडा चिठ्ठीवर लिहावा, किती पोती आत्ता विकायची. चिठ्ठ्या उघडल्या की मतभेद आहेत हे कोणी न भांडता समोर येतं. बोलायला सुरुवात वयानं आणि पदानं सर्वांत धाकट्यापासून व्हावी, अध्यक्ष शेवटी. लष्करी न्यायालयात कनिष्ठ अधिकाऱ्याचं मत आधी घेतात ते याचसाठी. वरिष्ठ आधी बोलला की धाकट्याचं मत आज्ञापालन होऊन बसतं. प्रत्येकाला एकच गोष्ट विचारावी : या टेबलावर कदाचित तुम्हालाच माहीत असेल असं काय आहे? आणि निर्णय घेण्याआधी, वर्षभरानं हा निर्णय फसला तर कशामुळे फसलेला असेल, हे सगळ्यांकडून वदवून घ्यावं. फसण्याची कारणं सांगणं हेच काम ठरवून दिलं की काकांना विरोध केल्यासारखं होत नाही. इतिवृत्तात ठरावाबरोबर मुख्य शंका आणि ती मांडूनही निर्णय का घेतला, या दोन ओळी याव्यात. सहीच्या वेळी आपण कशावर सही करतो आहोत, हे त्या दोन ओळी सांगतील.

हे चालवणारा माणूस कंपनीचा सभासद नसावा, तिचा पुरवठादार किंवा खरेदीदार नसावा, आणि कुठल्या पुढाऱ्यानं पाठवलेला तर मुळीच नसावा. परभणीत असे लोक मिळतात : निवृत्त प्राध्यापक, जुने बँक अधिकारी, शेजारच्या तालुक्यातल्या चांगल्या चाललेल्या कंपनीचा एखादा अनुभवी संचालक. दोन कंपन्यांनी आपापला एक संचालक एकमेकांच्या बैठकीला पाठवायचं ठरवलं तर पैसाही लागत नाही.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. ही गरज लक्षात आली की तिचा बाजार होतो. हॉटेलात दोन दिवसांची कार्यशाळा, रंगीत चिकट कागद, टाळ्यांचे खेळ, शेवटी प्रमाणपत्र आणि गटाचा फोटो. अशा कार्यक्रमांतून माणसं ताजीतवानी होऊन परततात आणि पुढच्या बैठकीत पुन्हा तसंच गप्प बसतात, कारण खेळात कोणाचंही सोयाबीन पणाला लागलेलं नसतं. ज्याच्या बैठकीनंतर कोणालाच थोडंही अस्वस्थ वाटलं नाही, अशा चर्चा चालवणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलावू नये.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. उघड बोलायला लागलं की भांडणं होतील, गावात दोन तट पडतील आणि कंपनीच फुटेल. गावाची माणसं हे अनुभवावरून सांगतात. पण तट पडतात ते बहुधा न बोललेल्या गोष्टींवरून. नुकसान झाल्यावर "मी तेव्हाच सांगितलं होतं" आणि "कोणीच काही बोललं नाही" या दोन बाजूंना पुरावा नसतो, म्हणून भांडण कधीच मिटत नाही. आकड्यावरून झालेला वाद आकड्यावर संपू शकतो. गाडीत बोललेल्या शब्दावरून झालेला वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतो, हे परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही बंद पडलेल्या संस्थेच्या जुन्या सभासदांना विचारावं.

वेळ मात्र फार नाही. केंद्राच्या योजनेत एका संस्थेला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत जास्तीत जास्त १८ लाख रुपये मिळतात आणि आधार देणाऱ्या संस्थेचं बोट पाच वर्षं धरता येतं. २०२१-२२ मध्ये नोंदवलेल्या कंपन्यांचा व्यवस्थापन खर्चाचा पैसा संपला आहे किंवा संपत आला आहे, आणि आधारही २०२६-२७ पर्यंत सुटेल. अधिकाऱ्याचा पगार तेव्हा कंपनीच्या नफ्यातून द्यावा लागेल. तो परवडत नसेल तर कोणाला तरी ते बैठकीत म्हणावं लागेल. तोट्यातली खरेदी थांबवायची का, मित्राच्या ट्रकचं भाडं जास्त आहे का, अध्यक्षांनी आणलेली यंत्रसामग्री वर्षातले किती दिवस चालली, सभासदांनी माल कंपनीला न देता मोंढ्यात का नेला, हे प्रश्न आजवर अनुदानामुळे पुढे ढकलता आले. आता ते एकाच वर्षात, एकाच टेबलावर येतील. तोपर्यंत निदान तीन-चार तिमाही बैठका हाताशी आहेत, आणि त्यांतली पहिली बैठक कोणतंही संकट नसताना, एखाद्या साध्या विषयावर घेता येते.